घाबरण्याचं वर्ष

आमच्या घरी सकाळ व्हायची ती बाबांच्या "हॅलो, हॅलो, चेक"ने. अर्जुनी मोरगावात बाबांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. पुढच्या खोलीत मशिनी राहायच्या आणि त्यांच्यामधून उरलेल्या जागेत आम्ही तिघं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पेट्या, वायरींची भेंडोळी, भिंतीला टेकवलेले माइकचे स्टँड, आणि आडव्या बांबूवर ओळीने टांगलेले पोंगे. लाउडस्पीकरच्या कर्ण्याला आमच्याकडे पोंगा म्हणतात. माय त्याच बांबूवर धुतलेले कपडे वाळत घालायची. बाबा रोज ओरडायचे, आणि ती रोज तिथेच घालायची. सोल्डरिंगचा वास आणि लाखोळीच्या डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास आमच्या घरात एकत्रच यायचा. अजूनही कुठे तार तापल्याचा वास आला की मला भूक लागते.

मी बोलायला लागले तीच माइकवर, असं माय सांगायची. मशीन नीट आहे का हे बघायला बाबांना कोणाचा तरी आवाज लागायचा, आणि मी घरात फुकटात होते. धान निघून गेल्यावर हिवाळ्यात गावोगावी नाटकं लागायची, कबड्डीचे सामने व्हायचे, मग लग्नं. बाबांच्या लुनाच्या मागे बसून मी सगळीकडे जायची. हरवलेल्या मुलांची नावं पुकारायची, जेवणाच्या पंगतीची सूचना द्यायची, कबड्डीत कोण बाद झालं ते सांगायची. दहावीपर्यंत आमच्या विहारातल्या भीमजयंतीचं सगळं निवेदन माझ्याकडे आलं होतं. बाबा चहाच्या टपरीवर म्हणायचे, "माह्या सुजाताचा आवाज मशीन बंद असली तरी तलावाच्या पलीकडे जाते." मला ते ऐकून लाज वाटायची आणि आवडायचंही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या जयंतीची ही गोष्ट. एप्रिलचं ऊन उतरलं होतं, विहारासमोर पांढऱ्या लुगड्यांच्या बायांची रांगच रांग बसली होती, वंदना झाली होती. मी पाहुण्यांची नावं घेत होते. एका नावाच्या मध्यावर, काहीही कारण नसताना, छातीत धडधड सुरू झाली. म्हणजे धावून आल्यावर होते तशी नाही. कोणी आतून दार ठोकावं तशी. बोटांना मुंग्या आल्या, तोंड कोरडं पडलं, समोरची माणसं लांब गेल्यासारखी वाटू लागली. माझाच श्वास माइकमधून पोंग्यांत आणि पोंग्यांतून माझ्या कानात येत होता. मी मरते आहे, आत्ता, इथेच, हे मला तेव्हा जितकं पक्कं वाटलं तितकं आयुष्यात दुसरं काही पक्कं वाटलेलं नाही. माइक हातातून सुटला, पोंगे किंचाळले, आणि मी चपला तिथेच टाकून घराकडे पळाले.

मागून माय आली, बाया आल्या. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तळपाय चोळले. "ऊन लागलं पोरीले," असं सगळ्यांनी ठरवलं. घटकाभरात मी ठीकही झाले. तव्यावरच्या तांदळाच्या आयत्यासोबत जवसाची चटणी खाल्ली. पण दुसऱ्या आठवड्यात तेच कॉलेजच्या वर्गात झालं. मग बाजारात, मग बसस्टँडवर. ऊन नसलेल्या ठिकाणीही होऊ लागलं, तेव्हा बायांनी नजर काढली.

त्या पावसाळ्यात माझं जग आकसत गेलं. जिथे एकदा झालं तिथे परत जायचं नाही, असा मी माझ्यापुरता कायदा केला होता, आणि जागा एकेक करून संपत चालल्या होत्या. कॉलेज सुटलं. मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही. शेवटी स्वयंपाकघर आणि मागची पडवी एवढंच उरलं, आणि तिथेही मी सारखी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत बसायची. जोरात चालली की घाबरायची, घाबरले की आणखी जोरात चालायची. माय माझ्यासाठी नरम पेज करायची, त्यात तूप घालायची, आणि मी दोन घास खाल्ले की समोर बसून विचारायची, "सांग ना बाई, काय होऊन रायलं तुले? कोनी काही बोललं का?" कोणी काही बोललं नव्हतं. मला सांगता येत नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

गावातल्या डॉक्टरने सलाइन लावली, कमजोरी आहे म्हणाला, लाल टॉनिक दिलं. शेजारच्या शकूकाकूने मायला मला जवळच्या प्रतापगडच्या डोंगरावरच्या दर्ग्याला नेण्याचा सल्ला दिला. बाबांना असलं काही पटायचं नाही, बाबासाहेबांच्या फोटोकडे हात करून ते म्हणाले, "त्यायनं हेच शिकवलं का आपल्याले?" पण मायने ऐकलं नाही. आम्ही गेलो. दर्ग्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्या मुजावरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही. वर वारा छान होता, खाली धानाच्या बांध्या हिरव्यागार पसरलेल्या होत्या, आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळं वाटलं. मायचा चेहरा उजळला. परतीच्या ऑटोत, गाव दिसायला लागलं तसं पुन्हा सुरू झालं, आणि मायने माझं डोकं मांडीत घेऊन रस्ताभर डोळे पुसले. ती कशी रडत होती हे आठवतं तेव्हा आज मला वाटतं, आजारी मी एकटी नव्हते. घरच आजारी होतं, फक्त नाडी माझी बघितली जात होती.

बाबा या काळात फारसं बोलत नव्हते. मशिनी दुरुस्त करताना आवाज मोठा ठेवत नव्हते, एवढंच. एका दुपारी त्यांनी नवीन माइक जोडला आणि सवयीने माझ्याकडे धरला. "हॅलो म्हन." मला हॅलो म्हणता आलं नाही. ओठ हलले, आवाज निघाला नाही. बाबांनी माइक हळूच खाली ठेवला, मशीनचं बटण बंद केलं, शर्ट घातला आणि म्हणाले, "चाल, सरकारी दवाखान्यात जाऊ."

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टरीण नवीन आली होती. तिने ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं नीट होतं. मला वाटलं, आता ही पण म्हणणार, काही नाही झालं. ती स्टूल पुढे ओढून माझ्यासमोर बसली. "घाबरायला होतं तेव्हा आपण मरतोय असं वाटतं का?" मी मान हलवली. "आणि होऊन गेल्यावर, परत कधी होईल याचीच भीती वाटत राहते?" माझ्या डोक्यातलं तिला कसं कळलं? "तुझं हृदय चांगलं आहे," ती म्हणाली. "पण तुला होतं ते खोटं नाही. तो आजार आहे, त्याला नाव आहे, पुष्कळांना होतो. आणि बरा होतो." मग तिने बाबांना गोंदियाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात दाखवायला सांगितलं.

त्या शब्दाने घरात वीज पडली. "माही पोरगी येडी नाही!" माय चुलीसमोरून उठलीच. "उद्या स्थळ पाहाले येतीन लोकं. काय सांगू? गोंदियाच्या येड्याच्या डॉक्टरकडे जाते म्हनू?"

"कान दुखला त कानाच्या डॉक्टरकडे जाते मानूस," बाबा म्हणाले. "मन दुखून रायलं त मनाच्या डॉक्टरकडे जाईन. तिनं सांगितलं ना आजार हाय म्हनून?"

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले मी पाहून घेतो. तू डबा बांध."

मायने डबा बांधला, पण आमच्याशी बोलली नाही. वांग्याची भाजी होती, मला आवडते म्हणून तलावातले झिंगे टाकून केलेली. राग होता, पण झिंगे निवडून टाकले होते.

अर्जुनीहून गोंदियाला पॅसेंजर जायची. मी खिडकीशी बसले, बाबा शेजारी. गाडी सुटल्यावर थोडा वेळ बरं होतं, मग डबा भरत गेला, आणि डब्यातून उतरता येणार नाही ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. सगळं सुरू झालं. सौंदडला गाडी थांबली तशी मी उठले. "बाबा, मले उतरू द्या. मी मरतो." बाबांनी हात धरून ओढलं नाही, लोकांसमोर रागावलेही नाहीत. जेवणाचा डबा उचलला, माझ्यामागोमाग उतरले, आणि गाडी आमच्यासमोरून निघून गेली.

फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. मी रडत होते. आता बाबा म्हणतील चल घरी, आणि मी जाईन, आणि मग स्वयंपाकघरातून मला कोणीही कधी बाहेर काढणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाबांनी डबा उघडला, भाकर मोडली आणि खाऊ लागले.

"तुमी काही म्हनत काऊन नाही?" मी विचारलं.

"काय म्हनू? तुले काय होते ते मले नाही समजत. मी तुह्यासंग बसू शकतो, तेवढं येते मले." मग भाजी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घरी जाचं असन त घरी जाऊ. गोंदियाले जाचं असन त रोडवरून काळीपिवळी भेटते. तू सांग."

इतके महिने माझ्याविषयी सगळ्यांनी ठरवलं होतं: ऊन, नजर, कमजोरी, लग्नाचं वय. काय करायचं ते मला कोणी विचारलं नव्हतं. मी दोन घास खाल्ले. धडधड उतरली होती, कधी उतरली ते कळलंही नव्हतं. "काळीपिवळीनं जाऊ," मी म्हणाले. भीती पुन्हा येणार हे माहीत होतं, तरी त्या जीपमध्ये मागच्या बाकावर, माणसांच्या आणि कोंबड्यांच्या गर्दीत, मी गोंदियापर्यंत बसून राहिले. आज मी सूत्रसंचालनासाठी जिल्हाभर फिरते, मोठमोठ्या सभांपुढे उभी राहते. पण शूरपणा विचाराल तर तो त्या जीपमध्ये होता.

गोंदियाचे डॉक्टर वयस्क होते, अर्धं हिंदीत बोलायचे. "बेटा, ये जो होता है, इससे आज तक कोई मरा नहीं. पण त्रास खूप होते, मला माहीत आहे." त्यांनी काही महिने घ्यायची गोळी लिहून दिली आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी त्यांना ताई म्हणायला लागले. ताईंनी समजावलं की शरीरात धोक्याची घंटा असते, वाघ आला तर ती वाजायलाच हवी. माझी विनाकारण वाजते, आणि तिचा आवाज ऐकून मी घाबरते, म्हणून ती आणखी वाजते. मला एकदम बाबांची मशीन दिसली. माइक पोंग्याच्या फार जवळ नेला की तो पोंग्याचाच आवाज पकडतो, तो मोठा होऊन बाहेर येतो, माइक तो परत पकडतो, आणि बघता बघता कान फाटेल अशी शिटी सुरू होते. मशीन बिघडलेली नसते. "म्हणजे शिटी मारते तसं!" मी म्हणाले. ताईंना आधी समजलं नाही. मी समजावून सांगितलं, आणि त्या हसल्या. कितीतरी महिन्यांनी मी कोणाला तरी काही समजावून सांगत होते.

मग काम सुरू झालं, आणि ते काम होतं, चमत्कार नव्हता. गोळीने धार बोथट झाली, सावकाश श्वास सोडायला शिकले, पण खरं औषध कडू होतं: जिथे जायची भीती वाटते तिथेच जायचं, भीती येऊ द्यायची, आणि ती उतरेपर्यंत तिथून निघायचं नाही. आधी गल्लीच्या टोकापर्यंत. मग विहारापर्यंत. मग आठवडी बाजार.

बाजाराला माय सोबत आली, तोंड फुगवूनच. वांग्यांच्या ढिगासमोर माझ्या छातीत सुरू झालं. मायने माझा चेहरा बघितला आणि पिशवी गुंडाळली. "चाल घरी, चाल, पाय कसे कापून रायले..."

"थांब माय."

"अवो पडशीन!"

"नाही पडत. थांब. थोडी वाढन, मंग उतरते."

मी उभी राहिले. भाजीवाली आमच्याकडे बघत होती, लोक धक्का देऊन जात होते. भीती वाढली, अगदी वर चढली, आणि मी पळाले नाही म्हणून तिला पुढे जायला जागाच राहिली नाही. हळूहळू ती खाली आली. हात गार होते, पण माझे होते. "उतरली," मी म्हणाले. मायने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं, मानेला लावून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण माय ती. "उतरली ना? मंग वांगे निवड," ती म्हणाली. "किडके घेशीन त पाह्य." त्या दिवसापासून माझी गोळी वेळेवर द्यायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि गोंदियाला जाताना डब्यात ताईंसाठीही एक वाटी भरायला लागली.

जयंती आली. निवेदनाला कॉलेजमधला एक मुलगा ठरला होता. बाबा पोंगे बांधायला गेले, मला काही म्हणाले नाहीत. मी विहारात बायांमध्ये बसले. तो मुलगा पाहुण्यांची नावं चुकीची घेत होता, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला ते सहन झालं नाही. मी उठले, मंचावर गेले आणि हात पुढे केला. त्याने सुटलो अशा चेहऱ्याने माइक दिला.

नावं घेतली, सूचना दिल्या. आवाज पूर्वीसारखाच गेला, तलावापलीकडे गेला असावा. आणि मग, मला माहीत होतं तसं, ती आली. धडधड, मुंग्या, कोरडं तोंड. मी बोलायची थांबले. समोर सगळ्यांना मागचं वर्ष आठवत होतं हे मला दिसत होतं. शकूकाकू कांदा शोधायला उठलीसुद्धा. मशीनजवळ बाबा उभे राहिले होते. मी माइकचा स्टँड धरला आणि सावकाश श्वास सोडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"माहा जीव घाबरून रायला," मी म्हणाले. हे ठरवून आलेलं नव्हतं. "मागच्या वर्षी इथंच घाबरला होता, मी पळून गेली होती. ऊन नव्हतं लागलं, नजर नव्हती लागली. आजार हाय तो. मी गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जातो. येडी नाही मी. इथं अजून कोनाले होत असन त लपून बसू नका, बरं होते." मग आणखी एक श्वास. "आता उतरून रायली. दोन मिनिट थांबा, मंग पुढचं नाव घेतो."

इतकी शांतता मी आमच्या पोंग्यांतून कधी ऐकली नव्हती. बायांच्या रांगेतून मायचा आवाज आला, माइकशिवाय: "घे बाई, सावकाश घे. कोनाले घाई नाही." आणि मी पुढचं नाव घेतलं. संपूर्ण कार्यक्रम केला, पंगती बसेपर्यंत. आवराआवर करताना बाबा वायरी गुंडाळत माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज क्लिअर आला." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

मला वाटलं, आता गावात तोंड दाखवायची सोय नाही. एक ठरत आलेलं स्थळ खरंच गेलं; माय दोन दिवस उदास राहिली आणि मग म्हणाली, "बरं झालं, पोट्टा तसाही बुटका होता." पण जयंतीच्या दुसऱ्याच सकाळी सायकलची घंटी वाजली. रामटेके सर. शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. त्यांची सावली दिसली की वर्ग गप्प व्हायचा. ते सायकलवरून उतरले नाहीत. एक पाय ओट्यावर टेकवून, दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "कोणत्या वारी असतो तो डॉक्टर?" मी सांगितलं. "घरून शाळेपर्यंत जाणं होत नाही हल्ली," ते म्हणाले, आणि घाईने निघून गेले. दुपारी मागच्या दाराने गल्लीतली एक सून आली, बाळंतपणानंतर झोप उडालेली. संध्याकाळी शकूकाकू आली, साखर मागायला म्हणून, आणि साखर न घेताच बराच वेळ बसून राहिली.

पुढच्या तपासणीच्या दिवशी आम्ही पॅसेंजरमध्ये चढलो ते सगळे मिळून: मी, बाबा, शकूकाकू, ती सून बाळाला घेऊन, आणि खिडकीशी रामटेके सर, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मायने सगळ्यांपुरता डबा बांधला होता. सौंदड आलं, गेलं. मी उठले नाही. सर मात्र पांढरे पडले होते; मी त्यांच्या समोरच्या बाकावर सरकले आणि म्हणाले, "सर, सावकाश सोडा श्वास. वाढन थोडी, मंग उतरन." माझ्या शाळेच्या सरांना मी शिकवत होते, आणि ते ऐकत होते.

समोर एक भारदस्त गृहस्थ बसले होते, आमचा सगळा जथा आणि डबा बघत. त्यांनी हसून विचारलं, "कुठं निघाले एवढे? लग्नाले का?"

शकूकाकूने पदर ओढला. सुनेने बाळाकडे बघितलं. मी बोलणार तेवढ्यात रामटेके सरांनी घसा साफ केला आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "दवाखान्यात. जीव घाबरते आमचा. मनाच्या डॉक्टरकडे चाललो."

गृहस्थांचं हसू थांबलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग जागेवरून उठून आमच्या बाकाच्या कडेला येऊन टेकले आणि हळू आवाजात विचारलं, "कोन्त्या दवाखान्यात?"

"सरका बरं," मी सगळ्यांना म्हणाले. "यायले बसू द्या."